हिरवं घर

नाही नाही, विकास होऊ द्या ना, आपण कुठं नाही म्हणून राहिलो? पण तो नेमका माह्याच घरी काहून झाला, एवढंच सांगा मले!

तुम्हाला सांगतो, मी धर्मपाल, रेल्वेतून रिटायर, बत्तीस वर्षं सिग्नल सांभाळले, एक गाडी चुकू दिली नाही... आणि एका पोट्टीच्या टॅबलेटनं माह्या घरचं पाणी तोडलं! उल्का नाव तिचं, गळ्यात कार्ड. म्हणे, "काका, दोन हजार तीसपर्यंत साऱ्या जगाले पाणी पोचवायचं आहे, आपण कुठवर आलो ते मोजून राहिलो." मले लई बरं वाटलं हो! चहा पाजला. "घरात नळ आहे का?" आता रेल्वेचा माणूस नाही म्हणन काय? आहे म्हटलं, पितळेचा आहे, आमच्या बायकोनं, नीलिमानं, चिंच लावून घासला आहे, पाहून घे! पोट्टीनं फोटो काढला, हिरवं बटन दाबलं. म्हटलं, "बेटा, त्यातून चार वर्षांपासून पाणी नाही ना." तर म्हणते, "त्याचा कॉलम नाही, काका."

कॉलम नाही!

झालं. सोमवारी टँकर आला, अख्ख्या पाऱ्याले, म्हणजे साऱ्या मोहल्ल्याले पाणी, आमच्या दारापुढं ड्रायव्हरनं स्पीड वाढवली! "भैया, आपका घर तो लिस्ट में हरा है." बाजूच्या प्रेमलाबाईकडे नळच नाही, म्हणून तिचे तीन ड्रम भरले. नीलिमा मले काय काय बोलली, ते चारचौघांत सांगायची सोय नाही.

पाणीवाल्या सरकारी ऑफिसात गेलो. साहेब उठून हात मिळवते, "बधाई हो धर्मपालजी, आपने लक्ष्य प्राप्त कर लिया!" म्हटलं, साहेब, मले परत मागास करा, हात जोडतो! "अजी कैसे करें? आकड़ा ऊपर जाता है, नीचे लाने का कॉलम नहीं है." मी घरी आलो, पाना घेतला, नळ उपटला, नेऊन आदळला त्याच्या टेबलावर. त्यानं शांतपणे फोटो काढला अन लिहिलं, कार्यालय : नळ उपलब्ध!

दुसऱ्या दिवशी त्याचाच माणूस येऊन नळ बसवून गेला. काहून? जगाले पाणी पोचवणारे जिनेव्हाचे पाहुणे हिरवं घर पाहायले येऊन राहिले होते! सकाळीच टँकर... आमच्या दारी! गच्चीवरची टाकी काठोकाठ. नीलिमानं पंडरी बाजारातली नवी साडी नेसली. पाहुण्यांनी नळ फिरवला, धार लागली, टाळ्याच टाळ्या! नीलिमा बादली घेऊन धावली, तर साहेब कानात, "दीदी, बाल्टी हटाइए, फोटो में गरीबी दिखती है." मग पाहुण्यांनी आळीपाळीनं हात धुतले, तोंड धुतलं, टाकी खलास! त्यातल्या एका बाईनं काहीतरी विचारलं. साहेब म्हणे, "पूछ रही हैं, आप खुश हैं?" म्हटलं, खुशीचा कॉलम आहे का? "है ना!" त्याचा होता, बावा! हिरवं बटन.

काल नागपूरच्या साळीचा फोन, "भाऊजी, चार दिवस येऊ का राहायले?" म्हटलं, ये ना बाई, अवश्य ये... पण जिनेव्हावरून ये!