फाटकापर्यंतचा इतिहास

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या संचालिकाबाई, आमच्या सहल केंद्रातले माझे सोबती, बसच्या मागच्या बाकावरून आजवर ओरडून प्रश्न विचारणारी आपण प्रवासी मंडळी, आणि पहिल्या रांगेतून आत्तापासूनच 'आवरा' अशी खूण करणारी आमची ही, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मघाशी मला 'चालताबोलता इतिहास' म्हटलं. हातात पुष्पगुच्छ होता म्हणून बरं, तोंड लपवता आलं. अहो, कसला इतिहास? एका दिवसाच्या सहली आखण्यात माझी उभी हयात गेली. कोणत्या राजाने कोणाचा पाडाव केला, ते मला विचारू नका. कोणत्या किल्ल्याखालच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे, ते विचारा! कोणत्या राजवाड्यासमोर बस वळते, भर दुपारी सावली कुठे मिळते, बसभर माणसं एकदम घुसली तरी कुठल्या खाणावळीतला आचारी चिडत नाही, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण फाटकाच्या आत? आत तुम्ही जायचात. मी बाहेर जेवणाचे डबे राखत, उशिरा येणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत बसायचो.

संचालिकाबाईंनी आमच्या पत्रकातल्या, नदीकाठच्या किल्ल्याबद्दलच्या एका वाक्याचं कौतुक केलं. 'वरच्या खिडकीतून नदी दोनदा दिसते.' बाई, ते वाक्य हिचं. दर सहलीत ही आत जायची आणि परतीच्या वाटेवर माझ्या शेजारी बसून सगळं सांगायची. दगड कसा गार लागला, नदी वळसा घेऊन पुन्हा खिडकीसमोर कशी येते, कुठला जिना अंधारा होता, कुठल्या राणीच्या महालात आमच्या स्वयंपाकघराएवढाही उजेड नाही. मी निम्मं ऐकायचो, निम्म्यात डुलक्या काढायचो. "एकदा आत चला ना," म्हणायची. मी म्हणायचो, "डबे कोण बघेल? निवृत्त झालो की जाऊ."

झालो निवृत्त. आणि नेमका यंदा हिच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला.

उद्या माझी शेवटची सहल, त्याच नदीकाठच्या किल्ल्यावर. आमचे ड्रायव्हरदादा म्हणाले, "काकूंना खुर्चीत बसवून वर नेऊ की!" ही म्हणाली, "काही नको. मी खाली डबे बघते, यांना वर पाठवा. आणि अहो, वर जाऊन नुसत्या कड्या तपासून येऊ नका. नदी अजून दोनदा दिसते का, ते बघा. परतताना मला सांगा."

हसताय काय? मला खरंच धाकधूक लागली आहे. बघायचं कसं, हे मी कधी शिकलोच नाही, आणि आता एकदम तिच्या वाटचं बघायचं आहे. जमेल ना मला?

असो. आपण इतका जीव लावलात, मी आपला ऋणी आहे. आज बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते आपण पोटात घाला. उद्या बघण्यात झालं, तर ही घालणार नाही.