मग हा आठवा कोण?

...आणि वर मलाच म्हणतात, नेट तूच संपवतोस! अहो, नेट काय फ्रिजमधलं दूध आहे, मी उभ्या उभ्या पिऊन टाकायला? तुम्हाला सांगतो, ताई घरून काम करते, तिचे क्लायंट स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून गोठतात, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेले बाबा चौकशीबिकशी न करता निकाल देतात, "कॉलेज सोडून दिवसभर घरात लोळणारा एकच आहे. शनिवारपर्यंत नेट सुधारलं नाही तर सोमवारपासून मामाच्या दुकानात!" मामाचं दुकान म्हणजे नळ, पाइप आणि मामा. यातलं सगळ्यात जास्त काय गळतं? मामाचं तोंड!

मी म्हटलं, बघू तरी, आपल्या वायफायला चिकटलंय कोण. एक फुकटचं टूल मिळतं, नेटवर्क स्कॅन करतं, म्हणजे कोण कोण जोडलेलं आहे त्याची हजेरी घेतं. आधी घरच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर टाकायला गेलो, तर त्याला ॲडमिनचा पासवर्ड हवा, आणि तो बाबांकडे. "पासवर्ड कशाला? ही चिकाटी परीक्षेला कुठे गेली होती?" झालं, विंडोज बाद! मग ताईच्या मॅकवर. तो म्हणतो, हे कुणी बनवलंय मला माहीत नाही, मी उघडणार नाही. अरे, तू मॅक आहेस की आमची आत्या? सेटिंगमध्ये शिरून त्याची समजूत काढली, ताई मागे उभी, "काही बिघडलं ना, तर बघ!", आणि एकदाचं चाललं. भर दुपारी. आठ जण हजर!

आता मोजा. घरचा कॉम्प्युटर तर बंदच. राऊटर, टीव्ही, आईचा फोन, ताईचा फोन, ताईचा मॅक, माझा फोन, माझा लॅपटॉप. सात. मग हा आठवा कोण?

आई म्हणाली, "शेजारचे असतील." शेजारच्या काकांना स्वतःचा टीव्ही लावता येत नाही, ते आमचं वायफाय फोडणार? मग हा आठवा कोण? बरं, संध्याकाळी मोजलं तरी आठच, पण तेव्हा हिशेब बरोबर, कारण बाबा फोन घेऊन घरी आलेले. म्हणजे चोर फक्त ऑफिसच्या वेळात येतो? रविवार पाळतो की काय?

मॅकवर नुसते आकडे दिसत होते. म्हणून शुक्रवारी माझ्या जुन्या लॅपटॉपवर, लिनक्सवर, टाकलं. एक ओळ टाइप केली, खेळ खलास! कॉलेजात तीन वर्षांत एवढं सरळ कुणी बोललं नाही माझ्याशी. पूर्ण परवानगी देऊन चालवलं तर प्रत्येक यंत्राचा कायमचा नंबरही दाखवतं, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. दुपारच्या आठव्याचा नंबर लिहून घेतला. संध्याकाळी परत स्कॅन केलं.

तोच नंबर. बाबांचा फोन.

टूल बिघडलं म्हणून काढून परत टाकलं, अहो, दोनदा! शनिवारी त्यांचं अर्धा दिवस ऑफिस. अकरा वाजता आठवा हजर. आमचं घर शेवटच्या मजल्यावर, वर फक्त गच्ची. गेलो.

पाण्याच्या टाकीमागे बाबा. प्लास्टिकच्या स्टुलावर. इस्त्रीचा शर्ट, बूट काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेले, आणि फोनवर नोकरीचा अर्ज भरताहेत. एका बोटाने. वयाच्या रकान्यापाशी ते बोट थांबलं... थांबूनच राहिलं. मी पाय न वाजवता खाली आलो. मी निदान कॉलेज सांगून सोडलं होतं!

जेवताना म्हणाले, "काय रे, सापडला तुझा चोर?" ताटात बघत. आई बघतेय, ताई बघतेय.

"नाही. मीच होतो. पिक्चर उतरवत होतो."

बाबांचा घास हातातच. म्हणाले, "मग सोमवारपासून..."

"हो. मामाकडे."

"नऊला निघायचं. पहिल्याच दिवशी उशीर नको."

वा! शिस्तीचं भाषण कोण देतंय बघा! रविवारी मी राऊटर उचलून जिन्याकडच्या खिडकीत ठेवला, वर रेंज नीट जावी म्हणून. आई म्हणाली, "इथे कशाला?" म्हटलं, हवेशीर असतं.

सोमवारी दोघं एकदमच निघालो. जिन्यापाशी बाबा वाकले, "तू हो पुढे, मी नाडी बांधतो."

झालो पुढे. आम्हा बापलेकांत कामावर जाणारा सध्या मी एकटाच, आणि घरात कामचुकार म्हणून नाव अजून माझंच!