शेवटाकडून

आई : परत तिथेच अडकलीस. पहिल्यापासून घे बरं.

मुलगी : घेतलं की पहिल्यापासून, कितीदा. तू अशी समोर बसून बघत राहिलीस की व्हायोलिनचा गज तारेवरून घसरतो.

आई : मग कुठे बसू?

मुलगी : आजी पाठ करून बसायची. खिडकीपाशी, कपड्यांच्या घड्या घालत.

आई : ऐकायची तरी का?

मुलगी : सगळं. चुकलं की तिची घडी थांबायची. बोलायची नाही काही.

आई : मला कसं जमणार ते? माझं तोंड गप्प बसत नाही.

मुलगी : ती म्हणायचीच. "माझी लेक झोपेतसुद्धा सूचना देते."

आई : असं म्हणायची होय. बरं, हनुवटी वर घे.

मुलगी : बघ.

आई : राहिलं. बोलत नाही.

मुलगी : आई, व्हायोलिन ठेवून दे ना पेटीत. मला नाही शिकायचं आता.

आई : अगं, काल तर शेवट किती छान वाजवलास. स्वयंपाकघरात ऐकत होते मी.

मुलगी : शेवटच येतो. आजीनं तिकडूनच शिकवलं. आधी शेवटची ओळ, पक्की होईपर्यंत. मग तिच्या अलीकडची, पण वाजवायची शेवटपर्यंत. म्हणजे आपण कायम ओळखीच्या ठिकाणी पोचतो, म्हणायची.

आई : आणि सुरुवात?

मुलगी : पहिल्या दोन ओळी राहिल्या. तेव्हाच तिला दवाखान्यात नेलं.

(मुलगी गज मांडीवर ठेवते.)

आई : येत नाहीत म्हणून सोडायचंय?

मुलगी : येतील गं. पण त्या आल्या की संपलंच ना. आजीचं शिकवणं.

आई : तिचं कपाट मीही आवरलेलं नाही अजून. उघडते आणि परत लावते.

मुलगी : माहितीये. कुरकुरतं ते.

आई : मला तिच्यासारखं वाजवता येत नाही. तूच सांग. दोन ओळींतली आधी कुठली?

मुलगी : दुसरी. आणि हळू. गोगलगायीला कंटाळा येईल इतकी हळू. आजीचं माप आहे ते.

आई : बरं. ती कपड्यांची टोपली सरकव इकडे.

मुलगी : घड्या झाल्यात त्यांच्या.

आई : मोडते. परत घालते.

मुलगी : पाठ कर.

आई : केली. घे आता, गोगलगाई.

मुलगी : आई.

आई : काय?

मुलगी : तुझी घडी थांबलीये. मी तर अजून सुरूही केलं नाही.