चढावरचा वारा

“आई, एसी ठणठणीत हाय. तुला भास हुतोय. वय झालं, आता किल्ली दे इकडं!” माझा थोरला मुलगा भर गॅरेजात ओरडत होता, आणि किल्ली माझ्या मुठीत होती. मिस्त्रीनं गाडी जागेवरच चालू ठेवून तपासली होती. वारा अगदी तोंडावर येत होता.

“पन्हाळ्याच्या चढाला हेच वारं तोंडावरनं काचंवर जातंय,” मी म्हटलं. “उभ्या गाडीत काय बघताय? बसा दोघं.”

गाडी मीच चालवली. निम्म्या घाटात वारा गेला की काचेवर!

मिस्त्रीनं तिथंच बॉनेट उघडलं. इंजिन ज्या नळीतून हवा ओढून वारा तोंडाकडं वळवणारी एसीची झडप धरून ठेवतं, ती नळी चिरली होती. चढावर इंजिनाची ही हवेची ओढ कमी पडली की झडप काचेकडं फिरायची.

भास म्हणाला, त्याचा मला राग नव्हता. बघायच्या आधीच ठरवलं, त्याचा होता.

थोरला तरी म्हणतोच, “गाडीचं कळलं. पण तुझ्या वयाचं काय?”

किल्ली कनवटीला खोचत मी म्हटलं, “मग तेबी घरात बसवून तपासू नगंस, लेका, चढावर तपास.”