आकडा वर येईपर्यंत

(फोनवर. ताई दातांच्या दवाखान्यात, स्वागताच्या टेबलामागे. भाऊ दुसऱ्या शहरात, आपल्या ऑफिसात.)

भाऊ : तीन वाजून दहा मिनिटांनी घरातलं तापमान पंधरावर आलंय. ताई, आई घरात एकटी आहे आणि घरात पंधरा आहे.

ताई : मला इथून काही दिसत नाही. माझ्या फोनवर ते अ‍ॅप धड उघडत नाही, तुला ठाऊक आहे.

भाऊ : मी परत एकवीसवर नेलंय. आईशी बोललो, शाल घ्यायला लावली. आता एकच सांग. निघताना तू कमी करून गेलीस का?

ताई : बसा काका, डॉक्टर बोलावतील तुम्हाला. हं, बोल. काय म्हणालास? मी कमी केलं?

भाऊ : हल्ली रोज हेच चाललंय. तू कामावर निघालीस की थोड्या वेळात आकडा घसरतो. तू घरात असताना कधी घसरत नाही.

ताई : म्हणजे मी आईला गारठवून इथे येते आणि लोकांना हसून या-बसा करते.

भाऊ : तसं म्हणत नाहीये मी. बिल वाचवायला करतात लोक.

ताई : बिल आमचे हे भरतात, आणि त्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. तुझ्या त्या थर्मोस्टॅटलाच विचार ना. भारी हुशार आहे म्हणे. परवा आई शेजारच्या काकूंना सांगत होती, माझा मुलगा तिकडे बसून माझी खोली गरम ठेवतो. मी तिथेच बसले होते, तिची पावलं मांडीवर घेऊन तेल चोळत. काकू माझ्याकडे बघून म्हणतात, नशीब काढलं हो तुमच्या आईनं.

भाऊ : असं बोल म्हणून मी नाही सांगितलं तिला.

ताई : तुला सांगावं लागत नाही. तू नुसता एक बॉक्स पाठवलास.

भाऊ : तो बॉक्स का पाठवला, विसरलीस? मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, खोली एकसारखी उबदार ठेवा, चढउतार नको. तुमच्याकडे ती जुनी चकती होती, जिच्यावर आकडेसुद्धा पुसले गेले होते.

ताई : आम्ही घेणारच होतो. हे आणि मी दुकानात जाऊन पसंत करून आलो होतो. साधा होता, ठसठशीत आकड्यांचा, आठवड्याचं वेळापत्रक एकदा लावलं की झालं. आईला चष्म्याशिवाय वाचता आला असता. तुला फोटो पाठवला, तर तू काय लिहिलंस? हा तर अंडी उकडायचा टायमर दिसतोय.

भाऊ : गंमत केली होती गं.

ताई : आणि दोन दिवसांनी तुझा बॉक्स दारात. विचारणं नाही, पुसणं नाही. आई दिवसभर तो मांडीवर घेऊन बसली होती. उघडूसुद्धा देईना. ह्यांनी मुकाट्यानं दुकानात आमचा नको म्हणून सांगितलं.

भाऊ : बरं, मग बसवला तर तुम्हीच ना?

ताई : बसवायला आला तो हीटिंगवाला. त्यानं जुनी चकती काढली तर मागे दोनच तारा. म्हणाला, ह्याला आणखी एक तार लागेल, बॉयलरपासून इथपर्यंत ओढावी लागेल. अख्खा पॅसेज उकरला. मी सुट्टी काढून धूळ पुसत होते. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, मालक म्हणून कोणाचं नाव टाकू? मी हात पुसून पुढे होतेय, तोवर तू व्हिडिओवर हजर. माझा ईमेल घ्या.

भाऊ : तुझा फोन जुना आहे म्हणून. तोच म्हणाला होता.

ताई : मला त्यात पाहुणी केलंय. उघडलं की वर लिहून येतं, पाहुणे सदस्य. घर माझं, आई माझ्याकडे, आणि मी पाहुणी.

भाऊ : ताई, आपण कुठल्या कुठे चाललोय. आई तुझ्याकडे आहे ना? रोज तिला बघतेस, दटावतेस, तिच्याशी भांडतेस. मला तिच्यातलं काय दिसतं? मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून एक आकडा. तो खाली आला की मीटिंग तशीच सोडून बाहेर येतो. आज कंपनीला फोन करून विचारलं. ते म्हणाले, बदल फोनवरून झालेला नाही, भिंतीवरून झालाय. कोणीतरी हातानं फिरवतंय.

ताई : दुपारी घरात कोणीच नसतं. हे सहाला येतात, मी आठला.

भाऊ : म्हणूनच तुला विचारलं.

ताई : म्हणूनच मला धरलंस. ठीक आहे. उद्या दुपारी मी स्वतः जाऊन बघते. काका, तुमचा नंबर आला, आत जा.

*

ताई : आई? काठी न घेता पॅसेजमध्ये काय करतेस? आणि ही खिडकी कोणी उघडली?

आई : अगंबाई. तू आत्ता कशी? दवाखान्यात नाही गेलीस?

ताई : माझ्या जागी दुसरीला बसवून आले. चौदा? आई, तू चौदावर नेलंस हे?

आई : ओरडू नकोस. फिरवता येतं ते. अगदी लोण्यासारखं फिरतं.

ताई : तुला उकडतं का? गुदमरतं का? आमच्यातल्या कोणाला सांगायचं तरी. पहिलं खोलीत चल. हात बघ कसे बर्फ झालेत.

आई : उकडत नाही. खिडकी लावू नकोस इतक्यात, थोडा वेळ राहू दे.

ताई : का पण?

आई : नुसतं फिरवलं तर फार हळू उतरतं. तुमच्या ह्या भिंती ऊब धरून ठेवतात. खिडकी उघडली की लवकर होतं.

ताई : काय लवकर होतं?

आई : त्याचा फोन येतो.

ताई : आई.

आई : पहिल्यांदा चुकून झालं गं. पुसायला गेले तर हात लागला. तासाभरानं त्याचा फोन. आई, गारठलीस का, पायात मोजे आहेत का, काय खाल्लंस. तिकडून त्यानं वाढवलं आणि म्हणाला, आकडा वर येईपर्यंत मी आहे फोनवर. मग किती काय काय बोलला. त्याच्या ऑफिसातली ती खडूस बाई, घरातलं गळकं नळाचं तोंड. लहानपणी मी त्याला एकदा शाळेत विसरले होते, ते. एकवीस झाल्यावर ठेवला. रविवारी फोन करतो तेव्हा कशी आहेस, औषधं घेतेस ना, ठेवू का, एवढंच. आणि मग मला कळलं की जेवढं खाली नेऊ, तेवढा वर यायला वेळ लागतो.

ताई : म्हणून चौदा.

आई : बारा नाही केलं कधी. एवढी अक्कल आहे मला.

ताई : तुझ्या छातीत कफ झाला होता तेव्हा रात्रभर पाठीला उशी लावून कोण बसलं होतं?

आई : तूच होतीस. मी कुठे नाही म्हणतेय?

ताई : मी रोज येते. पिशवी ठेवायच्या आधी तुझ्या खोलीत येते. माझ्यासाठी कधी बसलीस अशी थंडीत?

आई : तुझ्यासाठी कशाला बसू? तू येतेसच की.

ताई : ही शाल घे आधी.

आई : अशी का बघतेस? चुकीचं बोलले का मी?

ताई : नाही. बरोबर बोललीस.

आई : त्याला सांगू नकोस हं. बिचाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलंय. वाजला बघ. आण इकडे.

ताई : मी घेते.

आई : अगं, माझा आहे तो फोन.

ताई : हॅलो. हो, मीच. घरीच आहे. यंत्र ठणठणीत आहे तुझं. आईच कमी करते. का म्हणजे? तुझा फोन यावा म्हणून. खिडकी उघडते, आकडा चौदावर नेते आणि तुझी वाट बघत बसते. ऐकू येतंय ना?

भाऊ : माझ्या फोनसाठी?

ताई : बोल ना आता. मला विचारत होतास, बिल वाचवतेस का म्हणून.

भाऊ : मला कसं कळणार होतं, ताई.

ताई : मालक आहेस ना तू.

भाऊ : ह्यात लॉकची सोय आहे. चार आकड्यांचा पिन टाकला की भिंतीवरून कोणालाच हलवता येत नाही. आत्ताच टाकतो. पुन्हा न्यूमोनिया झाला तर आपण काय करणार आहोत?

ताई : टाक. पण फोन कर तिला. आकडा एकवीस असला तरी कर.

भाऊ : करतो. अगं, करणारच ना. आत्ता माझी एक मीटिंग आहे. तिला सांग, करतो म्हणून.

*

आई : आज दुपारची घरी? बरं नाही का तुला?

ताई : सुट्टी घेतली. तू धड जेवली नाहीस, असं आमचे हे म्हणाले. कालही नाही, परवाही नाही.

आई : भूक नसते. एका जागी बसून कसली भूक लागणार?

ताई : त्याचा फोन आला होता का?

आई : रविवारी आला की. घाईत होता. म्हणाला, आई, तुझ्या घरात एकवीस आहे, आता मला काळजी नाही.

ताई : त्यानंतर?

आई : काळजीच नाही तर कशाला करेल? कामं असतात त्याला. तू रागावू नकोस त्याच्यावर. आणि स्वतःवरही रागावू नकोस. मी नको म्हणत असताना सांगितलंस, कारण तुझा जीव आहे माझ्यावर.

ताई : तेवढंच नव्हतं.

आई : ठाऊक आहे मला. लहानपणी त्याला माझ्या मांडीवरून खाली ढकलायचीस आणि वर म्हणायचीस, तोच पडला.

ताई : सांगितल्यावर बरं वाटलं मला. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

आई : मग?

ताई : मग तू जेवली नाहीस. काल मी त्याच्याकडे पिन मागितला. मेसेज केला, निदान मला तरी हलवता येऊ दे. त्यानं उत्तर पाठवलं, पाहुण्यांना पिन देता येत नाही, सेटिंगच तसं आहे, वेळ मिळाला की बघतो. आणि पुढे एक हसरा चेहरा.

आई : थट्टेखोर आहे पहिल्यापासून. कुठे निघालीस?

ताई : स्वयंपाकघरात. बॉयलरचा मेन स्विच तिथे आहे. त्याला काही पिन-बिन लागत नाही.

आई : अगं, नको. जावयांना काय सांगशील?

ताई : काही नाही सांगणार. ही रबरी पिशवी घे, गरम पाणी भरलंय, पोटाशी धर. आमची मोठी रजई आणलीय. दोन्ही पाय आत घे. टोपी घाल. डॉक्टरांनी छाती गार पडू देऊ नका म्हणून सांगितलंय, आकड्याचं ते काही बोलले नाहीत.

आई : खिडकी?

ताई : उघडली. पॅसेजमधली. तुझ्या खोलीचं दार अर्धं लोटलंय, इथून आकडा दिसेल पण वारा अंगावर येणार नाही.

आई : तू पण बस ना रजईत. हात बघ तुझे.

ताई : सरक जरा.

आई : त्याला वाटेल, मीच केलं.

ताई : वाटू दे.

आई : किंवा तू केलंस असं वाटेल. तुला बोलेल परत.

ताई : बोलू दे. आधी तुझ्याशी बोलेल, मग मला बोलेल.

आई : किती झालं?

ताई : अठरा.

आई : मीटिंगमध्ये असेल का गं?

ताई : टेबलाखाली फोन धरून बघतो म्हणाला होता. तू पाणी पी थोडं.

आई : आता?

ताई : सोळा. फोन तुझ्या उशाशी आहे, आवाज मोठा करून ठेवलाय. अजून वाजला नाही.