नानांचं धोतर आणि उघडा कार्बोरेटर

माझं लग्न कार्बोरेटरमुळे जमलं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण खरं आहे. तेव्हा मी जळगावला नोकरीला होतो आणि माझ्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. शिरपूरला मुलगी बघायला जायचं होतं, म्हणून आमच्या युसूफ मिस्त्रींनी गाडीचा एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडावर पितळेचा उघडा कर्णाच बसवला. म्हणाले, "अब इंजिन खुलके साँस लेगा, साब."

शिरपूरला पोचलो, तर मुलीचे वडील, नाना, आवाज ऐकूनच अंगणात आले. धोतराचा सोगा हातात धरून कर्ण्यापाशी वाकले आणि म्हणाले, "हाई काय शे?"

मी ऐटीत ॲक्सिलरेटर पिळला. सोगा फर्रकन आत गेला आणि गाडी ठसका देऊन बंद पडली.

मी सोगा ओढायला लागलो, तसे नाना कंबर घट्ट धरून ओरडले, "ओढू नका! बठ्ठं धोतर सुटी जाई!"

सगळी आळी गोळा झाली. स्थळ गेलं, हे मी ओळखलं. तेवढ्यात पोहे घेऊन यायच्या ऐवजी ती मुलगी कात्री घेऊन आली आणि हसत हसत तिनं वडिलांचा सोगा कापला.

मी मान खाली घालून पळ काढायला किक मारू लागलो. गाडी कसली सुरू होते! आत धोतर.

नाना म्हणाले, "थांबा जावईबापू. पोरीले नेवाले आलात, का माले?"