आईचा बाऊ

दवाखान्यात समोरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर तिची दीड वर्षाची लेक पेंगत होती.

“अजून अंगावर पाजतेस?”

“हो गं ताई.”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, आधी दूध तोड, पाळी येऊ दे, मग दुसऱ्याचं बघू?”

“तोडायला गेले ना. छातीला चिकटपट्टी लावली. म्हटलं, आईला बाऊ झालाय.”

“रडली?”

“रडली असती तर परवडलं असतं. दिवसभर फुंकर घालत बसली. घास म्हणून तोंडात घेतला नाही.”

“आणि तू विरघळलीस! अडतिशी उलटली तुझी.”

“माहितीये गं. दमले मी आता.”

“दुसरं हवं म्हणून नवरा मागे लागलाय ना? त्याला काय सांगणार?”

“त्याला काय सांगायचं? त्यानंच काढली पट्टी.”